सोफ्याला न शोभणारे स्पीकर

चहा घ्या निवांत, पण माझ्या भावाच्या जळोचीच्या बंगल्याचं कौतुक माझ्यासमोर करू नका. अजून डोकं तापतं माझं.

आमच्या आबांनी उभी हयात गावच्या भजनात पखवाज वाजवला. आता हात थरथरतात, म्हणून जुनं रेकॉर्डिंग लावून ऐकत बसतात. त्यासाठी जुन्या घरात दोन मोठे काळे स्पीकर होते. नव्या बंगल्यात आल्यावर भावानं ते कुणाला न विचारता गच्चीवर नेऊन टाकले. का, तर सोफ्याला शोभत नाहीत. त्यांच्या जागी भिंतीला बोटभर जाडीचे पांढरे स्पीकर लावले.

वास्तुशांतीला पाहुण्यांसमोर त्यानं मोठ्या हौसेनं आबांचं रेकॉर्डिंग लावलं. टाळ ऐकू आले, गाणारे ऐकू आले, पण पखवाजाची नुसती टिकटिक. घुमारा कुठंच नाही.

एक पाहुणा म्हणाला, "स्पीकर झकास दिसत्यात."

आबांनी हळूच मला विचारलं, "मी असं वाजवायचो व्हय रं?"

माझं टाळकंच सरकलं. तसाच गच्चीवर गेलो, दोन्ही काळे स्पीकर खाली आणले आणि सोफ्याच्या दोन अंगांना ठेवून जोडले. पहिली थाप पडली तशी खिडकीची काच थरथरली. आबांनी डोळे मिटले, आणि त्यांची बोटं मांडीवर चालायला लागली.

भाऊ माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "दादा, समद्या हॉलची कळा गेली. कसं दिसतंय बघ की हे."

म्हटलं, "मग तूबी डोळं मीट."