फाटकावरच्या चपला

कोलारच्या सोन्याच्या खाणीशेजारी आमची कामगारांची वस्ती. सकाळी नळावर माझ्यापुढे अंजलैअक्का आणि तिची शेजारीण कुप्पम्मा उभ्या होत्या.

“पहाटे जमीन हादरली तेव्हा माझी सगळी भांडी फळीवरून खाली आली, अक्का.”

“गोऱ्या साहेबानं खाणीत उतरायला विजेचा पाळणा आणलाय ना. माणसं आणखी खोल उतरवतो, मग हादरणारच. तुझा नवरा आला ना वर?”

“आला की. आंबील पिऊन झोपलाय. आणि तुमचे?”

“त्यांना दुसरी पाळीही करायला लावलीय. साहेबाचा माणूस तसं सांगून गेला.”

“यांच्या चपला मात्र कुणीतरी नेल्या.”

“तळव्याखाली सोनं लपवतील म्हणून फाटकावर काढायला लावतात. मग होते अदलाबदल.”

“दुसऱ्याच घालून आलेत. एकीच्या अंगठ्याला तांब्याची तार गुंडाळलीय.”

“अगं, ती तार मीच परवा गुंडाळली. आमच्या ह्यांच्या आहेत त्या. परत दे हं, नाहीतर अनवाणी येतील.”

“अक्का...”

“काय गं?”

“कुणाच्या म्हणून यांनी फाटकावरच्या जमादाराला विचारलं होतं. तो म्हणाला, घाल खुशाल, त्यांचा मालक आता मागायला येत नाही.”

अक्काची घागर भरून वाहायला लागली. मी पुढे होऊन नळ बंद केला.