पुटपुटीचं मत

…नाही, तो परवानगीचा फॉर्म बाहेर काढूच नका, बॅगेतच राहू दे. सही होणार नाही. तुमच्या ऑफिसचं पत्र मिळालं मला, दोनदा वाचलं — 'राखपंख'च्या सातही भागांची नवी आवृत्ती निघतेय, चांगल्या कागदावर, आनंद आहे. आणि सहाव्या भागाच्या शेवटी तेव्हा वाचकांची मतं छापली होती, ती तशीच्या तशी पुन्हा घ्यायची आहेत, त्यातलं एक आमच्या वाचनालयातल्या मुलीचं, म्हणून तुम्ही आलात. सगळं कळलं. बाकीची छापा. हे एक सोडा. का म्हणजे — ती मुलगी इथे नाही आता. म्हणजे गावातच आहे, पण इथे येत नाही. बसा ना, उभ्या का. ती नको, ती मुलांची खुर्ची, गुडघे हनुवटीला लागतील, ही घ्या. तू म्हटलं तर चालेल ना? माझ्या मुलापेक्षा लहान दिसतेस.

तू वाचली आहेस का ही पुस्तकं? नुसती प्रुफं तपासलीस? मग वाचलीसच म्हणायची, माझ्याहून नीट वाचली असशील. अकरा वर्षांपूर्वी इथे काय धुमाकूळ होता तुला सांगू — नवा भाग आला की चार वाजता दारात रांग, एका पुस्तकाला बावीस नंबर, आणि ज्याच्याकडे पुस्तक असेल त्याच्या मागे दोन-दोन जण घरापर्यंत जायचे, लवकर वाच म्हणून. पाचवा भाग संपल्यावर तुमच्याकडून कार्डं आली, हिरवी, वर छापलेलं — 'तुमचं मत लिहा'. निवडक मतं सहाव्या भागात छापणार, वाचकाचं नाव, वय आणि वाचनालयाच्या नावासकट. मी ती या टेबलावर ठेवली आणि मुलं तुटून पडली. काय काय लिहिलं होतं एकेकानं. एकानं लिहिलं, पुस्तक छान आहे, फक्त नकाशा चुकला आहे, नदी डोंगरावर चढते. एकीनं लिहिलं, ड्रॅगन शिंकला की जंगल जळतं तर त्याला सर्दी झाली तेव्हा राजवाडा कसा वाचला याचा खुलासा व्हावा. 'खुलासा व्हावा' — वडील कचेरीत असणार. हसू नकोस, मी तर डोळ्यातून पाणी येईपर्यंत हसले होते. एकतीस कार्डं भरली. पुटपुटीचं शेवटचं.

पुटपुटी म्हणजे तीच, तुमच्या यादीतली. मनातल्या मनात वाचता यायचं नाही तिला, ओठ हलायचे सारखे, म्हणून मुलांनी ठेवलेलं नाव, आणि तिनं ते काही मनाला लावून घेतलं नाही. दहा वर्षांची होती. वडील लिफ्ट दुरुस्त करायचे, हाक येईल तिकडे धावायचं, म्हणून घरी आत्या. आई — आई ती पाच वर्षांची असताना निघून गेली होती. का गेली ते मला माहीत नाही, आणि जे लोक सांगायचे ते मी तुला सांगणार नाही. शाळा सुटली की पुटपुटी इथे, त्या खिडकीखाली, आत्या न्यायला येईपर्यंत. मी कपाटं पुसायला लागले की न सांगता दुसरं फडकं घ्यायची. 'बाई, हे पुस्तक चुकीच्या घरात राहतंय' म्हणायची आणि जागेवर लावायची. मला — जाऊ दे, मला सवय झाली होती तिची, एवढंच.

तर तिचं कार्ड. पाठ आहे मला. 'मला पाचवा भाग आवडला नाही. आई चौथ्या भागात पिल्लाला गुहेत सोडून गेली आणि सात हिवाळ्यांनी परत आली, आणि पिल्लानं लगेच पंख उचलून तिला आत घेतलं. पिल्लाला कुणी विचारलंच नाही. मी पिल्लू असते तर पंख उचलला नसता. आधी विचारलं असतं की रस्ता माहीत होता तर मधे एकदा का आली नाहीस. लांब होतं हे कारण चालणार नाही, कारण ड्रॅगनला उडता येतं.' संपलं. खाली नाव, वय.

मग मी काय केलं — हे बघ, मी आधी चूकच सुधारायला बसले होते, 'हिवाळ्यांनी'चा दीर्घ तिनं ऱ्हस्व लिहिला होता. नवं कार्ड घेतलं, म्हटलं स्वच्छ उतरवून देऊ. आणि लिहिताना पहिल्याच ओळीतला 'नाही' गेला. एकदा तो गेला की पुढचं आपोआप होतं गं. 'मला पाचवा भाग सगळ्यात जास्त आवडला. आई परत आली तेव्हा पिल्लानं काही न विचारता पंख उचलला. मी पिल्लू असते तर मीसुद्धा हेच केलं असतं.' तिच्या अक्षरासारखं अक्षर काढलं, गोल गोल, शिरोरेघ तुटक. बोलत होते स्वतःशी — असलं कडू कोण छापणार आहे, आणि छापून आलं तर पोरीचं नाव होईल, आपल्या वाचनालयाचं होईल, तिचं बळ वाढेल. आणि उद्या मोठी झाली की तिला वाटेल, बरं झालं मी असं लिहिलं. तिच्या भल्यासाठी म्हणून केलं. अं? हो, तेव्हा तसंच वाटलं. म्हणजे तसं म्हणत होते.

निवड झाली. सहावा भाग आला तेव्हा दोन प्रती आल्या, एक वाचनालयाची, एक तिच्या नावाची, कागदात गुंडाळलेली. मी दोन्ही कपाटात घातल्या आणि कुलूप लावलं. मुलं रोज विचारायची, बाई, सहावा आला का, आणि मी म्हणायची, उशीर झालाय, छापखान्यात अडकलाय. तुमच्या छापखान्याला उगाच बोल लावला मी, तीन आठवडे. पुटपुटी तर विचारायचीसुद्धा नाही, नुसती बघायची.

आणि मग ती आली. आई. एका दुपारी, शाळा सुटायच्या आधी, दारात एक बाई, हातात नवाकोरा सहावा भाग. दुसऱ्या शहरात एका हॉटेलात चादरी धुण्याच्या विभागात होती, तिथे कुणीतरी पाहुण्यानं खोलीत विसरलेलं पुस्तक, चाळता चाळता शेवटी मुलीचं नाव दिसलं. नाव, आडनाव, वय — वय तिनं बोटांवर मोजलं, म्हणाली. घरी जायची हिंमत नव्हती. पण खाली वाचनालयाचं नाव होतं ना, मग ती इथे आली. तुझ्यासारखीच बसली, त्याच खुर्चीत. म्हणाली, 'तिनं मला बोलावलंय.' बोटं ठेवून ठेवून ते पान मऊ पडलं होतं.

तेव्हा सांगायला हवं होतं. एक वाक्य पुरे होतं. मला एवढं बोलता येतं, आता बघतेसच तू, आणि तेव्हा मी तिला पाणी दिलं आणि म्हटलं, साडेचारला येते ती.

आली. दप्तर खिडकीखाली ठेवलं आणि मग दिसली तिला. ओळखलं लगेच, पाच वर्षांनीसुद्धा, चेहराच सारखा होता दोघींचा. आईनं काही बोलायच्या आधी पुस्तक उघडून पुढे केलं, जसं काही ते तिकीट आहे आत यायचं. पुटपुटीनं वाचलं. ओठ हलत होते, त्यामुळे कुठपर्यंत आली ते मला दिसत होतं. शेवटच्या ओळीला थांबले. मग तिनं वर बघितलं — आईकडे नाही, माझ्याकडे. म्हणाली, 'हे मी लिहिलेलं नाही.'

आईपण माझ्याकडे बघायला लागली. दोघी. आणि मी — मी म्हटलं, 'मुलं विसरतात गं काय लिहिलं ते. किती महिने झाले.'

असं म्हटलं मी. हसून म्हटलं. ज्या मुलीला अख्ख्या वाचनालयात कुठलं पुस्तक कुठल्या फळीवर आहे ते पाठ होतं, तिला मी म्हटलं, विसरलीस. ती रडलीबिडली नाही. आईला म्हणाली, 'तुम्ही जा.' तुम्ही म्हणाली. दप्तर उचललं आणि आत्याची वाट न बघता एकटी गेली, आणि त्यानंतर या दारातून आत आली ती एकदाच.

आई वाचनालय बंद होईपर्यंत बसून होती. जाताना दारात विचारलं, 'बाई, लिहिलं तिनंच ना? लाजली असेल, नाही का?' मी म्हटलं, हो. आता तिसऱ्यांदा खोटं बोलायला काय लागतं. ती अजून येते, माहीत आहे? दर वर्षी एकदा, सुट्टी टाकून, तेच पुस्तक पिशवीत घेऊन. विचारते, कशी आहे, काही बोलते का माझ्याबद्दल. लेकीला पत्रं घालते, ती न फोडता परत जातात, तरी घालते, कारण तिला वाटतं, एकदा तरी तिनं लिहिलं होतं तसं, म्हणजे आत कुठेतरी आहे. अकरा वर्षं ती बाई माझ्या तीन ओळींवर जगतेय. आणि तुम्ही त्या चांगल्या कागदावर छापणार.

एकदाच आली म्हटलं ना, ते असं — सोळाची असेल, शाळा संपली होती. समोर उभी राहिली आणि म्हणाली, 'बाई, माझं खरं कार्ड द्या.' ओरडली नाही, भांडली नाही. मी म्हटलं, सापडत नाही गं, कार्डं सगळी रद्दीत गेली. ते या खणात होतं. मी खणावर हात ठेवून बोलत होते. तिनं हाताकडे बघितलं, मान हलवली आणि गेली. आता पुलापलीकडे चष्म्याच्या दुकानात काम करते, लोकांचे नंबर काढते. माझा चष्मा मी दुसरीकडून करते, लांबून.

काय म्हणालीस? का केलं मग? सांगितलं की मघाशी — वाचनालयाचं नाव, तिचं भलं. नाही पटत? नाही ना. मलाही नाही. माझा मुलगा अडीच वर्षांचा होता तेव्हा मी त्याला नणंदेकडे ठेवला आणि या कामाचं शिक्षण घ्यायला गेले. दोन वर्षांचं होतं. मग नोकरी लागली, जागा लहान, घर लागू दे म्हटलं, असं करत करत सहा झाली. बसनं चार तास. आधी दर महिन्याला जायची, मग जमेल तसं. काही झालं नाही त्याला, चांगला वाढला, नणंदेनं जीव लावला. मी आणला तेव्हा गुपचूप आला, बॅग स्वतः उचलली. कधी एक शब्द नाही. आजही रविवारी फोन करतो, जेवलीस का, गोळी घेतलीस का, ठेवतो. मी त्याला कधी विचारलं नाही आणि त्यानं मला कधी विचारलं नाही. आणि मग एक दहा वर्षांची पोर एका हिरव्या कार्डावर विचारते, मधे एकदा का आली नाहीस. मला ते उत्तर हवं होतं गं, पिल्लानं काही न विचारता — कुणाही पिल्लाचं चाललं असतं. कुणी देत नव्हतं म्हणून मी तिच्या नावानं लिहून घेतलं.

हे मी कुणाला बोलले नव्हते. तुला कशाला सांगितलं कोण जाणे. तू फक्त सहीसाठी आली होतीस.

तो फॉर्म काढ. काढ, सांगते ना. परवानगी नाही, इथे खूण करायची का? आणि कारण लिहायला ही एवढीच जागा? पुरेल. 'हे मत त्या मुलीचं नाही. मी लिहिलं.' खाली माझी सही, हुद्द्यासकट. वाच, नीट लागतंय ना? साहेब विचारतील तर खाडाखोड न करता दाखव. खरं मत छापायचं का ते मला विचारू नका, तिला विचारा, दुकान सहापर्यंत उघडं असतं. आणि हे कार्ड — नाही, ते तुझ्याकडे देत नाही. हात मागे घे. ते तिच्या हातात मलाच द्यावं लागेल.

नव्या पुस्तकात ते पान नसेल. आई ते बघेल, ती बघतेच, आणि येईल विचारायला. येऊ दे.

काही बोलू नकोस आता. बरं झालं सांगितलंत, असं तर मुळीच म्हणू नकोस. चार वाजत आले, मुलं येतील. ऊठ. जाताना दार जरा जोरानं ओढ, फुगलंय ते.