चोवीसच्या चोवीस बोलण्यात

...आणि वर मलाच म्हणतात, एवढं काय मनाला लावून घेतेस, खेळच तर आहे! तुम्हाला सांगते, पाय प्लास्टरमध्ये, सहा आठवडे पलंगावर, म्हणून लेकीने टीव्हीला तो लढाईचा खेळ जोडून दिला, हातात बटणं दिली आणि म्हणाली, आधी तुझी योद्धी तयार कर, हे चोवीस पॉइंट, ताकद, चपळाई, सहनशक्ती, नशीब, बोलणं, ह्यांत वाटून टाक... आणि गेली ऑफिसला. ती म्हणते पॉइंट, मी म्हणते गुण. वाटून टाक म्हणे. आजवर दुसरं केलं काय मी? म्हटलं, थांबा, हे गुण माझे आहेत, मनाला येईल तिथे टाकीन.

तेवढ्यात आमचे हे आले. कारखान्यात फोरमन होते, त्यामुळे उशी कुठे ठेवायची हेसुद्धा क्रेनखाली उभं राहिल्यासारखं सांगतात. "सगळे ताकदीला. विषय संपला." मग नणंदबाईंचा फोन, त्यांना बातमी लागते कुठून कोण जाणे, नाकातून म्हणाल्या, वहिनी, निम्मे तरी नशिबात टाका, तुमचं तिथेच कमी पडलं. व्यायाम करून घ्यायला येते ती मुलगी, माझा धडका पाय हवेत धरून सांगते, काकू, सहनशक्ती वाढवा. अजून वाढवू? अहो, गुण कोणाचे? माझे ना?

एकतीस वर्षं मी वाचनालयाच्या काउंटरवर, 'शांतता राखा' पाटीच्या बरोबर खाली, कुजबुजत काढली. घरी आले की सासूबाईंची झोप, लेकीचा अभ्यास, ह्यांच्या बातम्या... 'मला वाटतं' इथपर्यंत पोचायचे, पुढे काय वाटतं ते मलाही कधी कळलं नाही. तेव्हा टाकले. चोवीसच्या चोवीस, बोलण्यात. ताकद शून्य.

संध्याकाळी लेकीने पाहिलं. "आई, काय गुण उधळलेस हे? पहिला लांडगा खाईल तुला."

"माझे आहेत. उधळीन."

लांडग्याने खाल्लं, कबूल करते. तीनदा. चौथ्यांदा लांबच्या रस्त्याने गेले. पण पुलावर पहारेकरी भेटला, भिंतीएवढा, त्याच्याशी बोलले, त्याने वाट दिली. दरोडेखोरांशी बोलले, त्यांनी लूट परत केली. सेनापतीशी अर्धा तास बोलले, तो सैन्य घेऊन माघारी गेला, आणि इकडे आमच्या ह्यांनी पेपर खाली ठेवला. खुर्ची ओढून जवळ बसले आणि म्हणाले, "मग? पुढे काय म्हणालीस?" छत्तीस वर्षांत पहिल्यांदा हो. मला बटण सापडेना.

तर आता शेवटचा किल्ला. आत राजा कैदेत, आणि मधे एक दार, दमटपणाने फुगून बसलेलं. ढकलायला ताकद लागते दोन. फक्त दोन. लेक म्हणते, पहिल्यापासून सुरू कर, गुण नीट वाट. मुळीच नाही, गुण माझे आहेत. चार दिवस झाले, त्या दारापुढे उभी राहून बोलतेय... दार ऐकत नाही, पण निदान ऐकून तरी घेतं.