एकाच सुराची घरघर

बायको व्हितोरिना गेल्याचा इस्पितळातून फोन आला, त्याच दुपारी नेनूचं नवं युफोनियम, खर्जातलं पितळी फुंकवाद्य, घरी पोचलं. महिन्याभराने तो ते घेऊन विस्टिनच्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानात गेला.

"खालच्या एकाच सुराला घरघरतंय. गुड फ्रायडेच्या मिरवणुकीत तोच सूर मला एकट्याला धरायचाय."

"वाजवा बघू, काका... सूर चढतोय. नळ आवळल्यासारखा जबडा आवळलाय तुम्ही. पण घरघर कुठंय?"

"घरी येते. बैठकीच्या खोलीत."

"तिथं काय आहे?"

"तिचं काचेचं कपाट. लग्नातले पेले आहेत."

"मग ते पेले थरथरतायत. वाद्य ठणठणीत आहे. पेले काढा, खाली कापड घाला."

"ते तिनं मांडलेत."

"मग दुसऱ्या खोलीत वाजवा."

"स्वयंपाकघरातून तिला तिथलंच ऐकू यायचं."

गुड फ्रायडे चार दिवसांवर आला आहे. नेनूने कपाट अजून उघडलेलं नाही.