चिकूचं स्पॅनिश

आमच्या घरी एक नियम होता, आणि त्यावर प्रश्न विचारायचा नाही: नीट येत नसेल तर चारचौघांत बोलायचं नाही. बाबा शाळेत शिक्षक, मग काय. या नियमापायी मी ऑनलाइन स्पॅनिशच्या क्लासमध्ये तीन महिने माइक बंद ठेवून बसले. शब्द तर छळायचेच. साधा चिकू घ्या. मेक्सिकोत त्याला एक नाव, कोलंबियात दुसरं, आणि ते दुसरं नाव स्पेनमध्ये भलत्याच फळाचं.

एक दिवस वैतागून माइक सुरू केला आणि आमच्या मसोली गावातल्या चिकूच्या वाडीबद्दल दहा मिनिटं बोलले, चुकांसकट.

क्लास संपला तर मागे बाबा आणि काका चहा पीत बसलेले.

"केवढी अडखळतेस गं," काका हसले.

बाबा म्हणाले, "जगासमोर हसं करून घेतेस. क्लास बंद कर. परीक्षाही नको."

मी म्हटलं, "काका, तुम्ही वीस वर्षं उंबरगावच्या बाजारात गुजराती बोलताय. व्यापारी अजून हसतात. तरी चिकू विकूनच येता ना? आणि बाबा, क्लास बंद होणार नाही. परीक्षा मी देणार, तोंडीसुद्धा."

बाबांनी काकांकडे पाहिलं. काका कपातच बघत राहिले.