देशमुखांची चार कुत्री

त्या दिवशी उन्हं वर यायच्या आधीच झळा लागत होत्या. निजामाचा काळ. देशमुखांची चार शिकारी कुत्री फिरवायचं काम माझ्याकडं होतं. "एक जरी सुटलं, तर उद्यापासनं येऊ नगंस," असं त्यांनी बजावलेलं. मग बैल चारताना कासरा बांधतो, तशा चारी दोऱ्या मी कमरंला आवळल्या.

तेवढ्यात ससा पळाला. कुत्री सशामागं, आन् मी पोटावर घसरत कुत्र्यांमागं, शेजारच्या सिद्रामअप्पांच्या नांगरटीतनं. ससा दिसंनासा झाला, तवा कुठं ती थांबली. आधी कुत्री मोजली. चारीबी होती!

अप्पा बांधावर बसून बघत होते. म्हटलं, "अप्पा, दोऱ्या सोडा की!"

अप्पा म्हणाले, "सोडतो की. पर ह्या पट्ट्यातली ढेकळं लई बेस फुटली बघ. तेवढी वरली बाजूबी करून जा."