शुक्रवारचं तिकीट

नर्स : बूट काढा की आता. पाच जिने चढून घरी आलोय, आणि तुम्ही स्टँडवर गाडीची वाट बघितल्यासारखे बसलाय.

घड्याळजी : बसू दे जरा. खिडकीतून काय दिसतंय?

नर्स : शेजारच्या इमारतीची भिंत.

घड्याळजी : अख्खं जग हे शहर बघायला येतं म्हणे.

नर्स : बाथरूमच्या खिडकीतून मान बाहेर काढली की तो फोटोतला पूल दिसतो. अर्धाच दिसतो, पण दिसतो.

घड्याळजी : विमानतळावर त्या साहेबानं तुला तीन प्रश्न विचारले. तिन्हींना तू 'हो' म्हणालीस.

नर्स : तिन्हींचं उत्तर 'हो'च होतं.

घड्याळजी : कळले होते का तुला?

नर्स : दोन कळले.

घड्याळजी : आणि उद्या वॉर्डात डॉक्टरनं काही सांगितलं तर?

नर्स : पुन्हा विचारेन. चारदा विचारेन. समजल्याशिवाय कुणाला सुई टोचायची नाही, एवढी अक्कल आहे मला. आता माझा एक प्रश्न. शुक्रवारचं तिकीट कधी दाखवणार होतात?

घड्याळजी : कुठलं तिकीट?

नर्स : पासपोर्टच्या पाकिटातलं. परतीचं, एकाच माणसाचं. विमानात तुम्ही घोरत होतात, तेव्हा फॉर्म भरायला मी पाकीट उघडलं.

घड्याळजी : मग तेव्हाच का नाही बोललीस?

नर्स : तुम्ही बोलाल म्हणून थांबले.

घड्याळजी : ताईला सांगितलं होतं मी. हिला पोचवतो, खोली लावून देतो आणि येतो.

नर्स : म्हणजे नणंदेला ठाऊक आणि मला पत्ता नाही.

घड्याळजी : तू निघालीच नसतीस.

नर्स : एकटी निघाले असते. ते तुम्हाला माहीत होतं, म्हणूनच बोलला नाहीत.

घड्याळजी : इथे मी काय करू, सांग. हात हे असे थरथरतात. केसाएवढा स्क्रू चिमट्यात धरवेना, म्हणून दुकान बंद केलं. पण अजून तिथे लोक घड्याळजी म्हणून हाक मारतात. इथे मी कोण? नर्सचा नवरा.

नर्स : बावीस वर्षं मी घड्याळजीची बायको होते. माझं काय वाकडं झालं?

घड्याळजी : तसं नाही गं.

नर्स : तसंच आहे. थांबा म्हणून मी हातापाया पडणार नाही. उद्या सकाळी सातला मला हॉस्पिटलात हजर व्हायचंय, आणि मी होणार. आत्ता उजेड आहे तोवर रस्ता बघून येते. तुम्ही पडा.

घड्याळजी : तू? माहेरच्या गल्लीत चुकतेस.

नर्स : चुकले तर विचारेन कुणाला तरी.

घड्याळजी : थांब. नकाशा दे इकडे. आणि किल्ली घे.

(थोड्या वेळाने, रस्त्यावर.)

घड्याळजी : काय म्हणाली ती बाई?

नर्स : मागे फिरा, डावीकडे वळा, फुलांच्या दुकानापासून सरळ.

घड्याळजी : एवढं सगळं कळलं तुला?

नर्स : 'डावीकडे' आणि 'फुलं' कळलं. बाकीचं तिनं हातवारे करून सांगितलं.

घड्याळजी : म्हणजे दोन चौक आपण उलटे आलो.

नर्स : नकाशा कुणाच्या हातात होता?

घड्याळजी : माझ्या. चल.

नर्स : हे बघा, दुकान आलं. आणि ते समोर… तेच. पाटीवर नाव तेच आहे.

घड्याळजी : केवढं आहे हे. घाबरलीस?

नर्स : हो.

घड्याळजी : मग?

नर्स : मग काय. घाबरत घाबरत आत जाईन.

घड्याळजी : चुकलो नसतो तर पंचवीस मिनिटं. उद्या सव्वासहाला निघू.

नर्स : निघू?

घड्याळजी : पहिला दिवस आहे तुझा. रोज हीच वेळ का?

नर्स : शुक्रवारपर्यंत. शनिवारपासून दुपारची पाळी, रात्री आठला सुटते.

घड्याळजी : या फाटकापाशी एकही दिवा दिसत नाही. आठला तू इथे उभी राहू नकोस. सरळ फुलांच्या दुकानापाशी ये, मी तिथे असेन.